दहापैकी चार

त्या शुक्रवारी वृंदाने आईला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा तिच्या पिशवीत ती इंग्रजी शिकवायची त्या इयर एटच्या वर्गाच्या अठ्ठावीस वह्या होत्या. 'गणवेश बंद करा' असं हेडमास्तरांचं मन वळवणारं पत्र मुलांना लिहायचं होतं. लंडनजवळच्या हाउन्सलोमधल्या त्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, नंबर लागायला वेळ होता, म्हणून ती तिथेच तपासायला बसली. टायमुळे रोज आपला गळा घोटला जातो, असं एकाने लिहिलं होतं. वृंदाने समासात लिहिलं, 'अतिशयोक्ती. पटत नाही.'

"काय एवढं लिहितेस गं?" शेजारी बसलेल्या श्यामलाबाईंनी विचारलं.

"पोरं फार वाढवून लिहितात, आई."

"मग बिघडलं काय? वाढवल्याशिवाय ऐकतंय कोण?"

त्या स्वतः तशाच बोलायच्या. बस दहा मिनिटं उशिरा आली की 'उभ्या उभ्या केस पिकले', वरणात मीठ कमी पडलं की 'घास घशाखाली उतरेना'. या देशात तीस वर्षं काढली तरी डॉक्टरांपुढे त्या मराठीच बोलायच्या, आणि वृंदा त्याचं इंग्रजी करायची. शाळेत असल्यापासून करत आली होती.

आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "पोटात कुणी रवी फिरवतंय बघ. पाठीतून सुरी आरपार जातेय. जीव जातोय म्हणावं."

"पोटात दुखतंय, आणि थोडं पाठीत," वृंदाने सांगितलं.

"दहापैकी किती?" डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

तिने आईला विचारलं. "दहात कसलं मावतंय? शंभर म्हण."

"चार," वृंदा म्हणाली.

त्यांनी ते टाइप केलं, ॲसिडिटीचं औषध लिहून दिलं. पोटाला हातसुद्धा लावला नाही.

"मी एवढं सांगितलं, तू दोन शब्दांत उरकलंस," बाहेर आल्यावर श्यामलाबाई म्हणाल्या. "भारीच काटकसरी भाषा बाई तुमची."

शनिवारी सकाळी त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली. ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणारे म्हणायचे, "फार हाल न होता गेल्या." वृंदा त्यांना चहा द्यायची. कप त्यांच्या अंगावर ओतावा असं वाटायचं, आणि ती साखर पुढे करायची.

महिन्याभराने धाकट्या भावाने, मिलिंदने, सर्जरीकडून आईची नोंद मागवली आणि मँचेस्टरहून फोन केला.

"ताई, चार लिहिलंय त्याने. बाई मरतेय आणि हा चार लिहितो. आपल्या बायका उगाच कण्हतात असंच वाटतं यांना. तू कम्प्लेंट लिही. पोटापाण्यासाठी हेच तर शिकवतेस."

तिने एका बैठकीत पत्र लिहिलं. राग इतका होता की शब्द शोधावे लागले नाहीत. वाचणाऱ्याला थेट 'तुम्ही', ज्यांना उत्तर नाही असे प्रश्न, एकामागून एक तीन घाव. वर्गात ती फळ्यावर लिहायची ते सगळं त्यात होतं. न तपासलेलं पोट होतं, स्क्रीनला चिकटलेली नजर होती. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

रविवारी मिलिंद आला. आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून त्याने पत्र मोठ्याने वाचलं.

"'दहापैकी चार हा आकडा कोणाचा होता? माझ्या आईचा नक्कीच नव्हता.' क्या बात है, ताई. झोप उडेल त्याची." त्याने पेन पुढे केलं. "कर सही."

वृंदाने पेन घेतलं नाही.

"आकडा माझा होता."

"म्हणजे?"

"त्याने किती ते विचारलं. आई शंभर म्हणाली. मी चार सांगितलं."

मिलिंदने कागद खाली ठेवला. "बरोबरच आहे ना. ती सगळंच वाढवून सांगायची. तुला काय माहीत—"

"पाठीला हात लावून वाकून बसली होती ती. दिसत होतं मला." तिचा आवाज चढला नाही. "तिचं पोट त्याने तपासलं नाही, त्याबद्दल त्याला मी सोडणार नाही. पण चार त्याचा नाही."

"मग का सांगितलंस?"

वृंदाने ओट्यावरचा कागद आपल्याकडे ओढला.

"कारण त्या गोऱ्या माणसासमोर ती रवी आणि सुरी मला म्हणवेना. पालकसभेत, दुकानात, सगळीकडे असंच. लाज वाटायची, मिलिंद. मला आईची लाज वाटायची."