नव्वदचं की एकशेचाळीसचं

चांदभाईने लॉरीखाली सरकून गिअरबॉक्सचं बूच ढिलं केलं. काळं तेल घमेल्यात पडू लागलं. निघोज्याचे बबनराव धोतराचा सोगा सावरत वाकून बघत होते. लढाईनंतर लिलावात घेतलेली ही लॉरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"पुण्याहून नवं तेल आनलंय. दुकानदार म्हनला, लई भारी हाय."

चांदभाईने डबा हुंगला. गंधकाचा उग्र वास आला.

"हे नाही चालायचं, बबनराव. जुना गिअरबॉक्स आहे. आत पितळी बुश आहेत, ते खाऊन टाकील हे."

"मग कंचं घालायचं?"

कोणतं घालायचं, हे चांदभाई झोपेतसुद्धा सांगू शकला असता. पण तो हात पुसत म्हणाला, "नूरभाईला विचारावं लागेल. त्याने बसवलाय हा."

"कराचीला? तेलासाठी?"

"कांदा निघायला अजून महिना आहे ना? तोवर लॉरी कुठे लागतेय?"

बबनरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग घसा खाकरला.

"हाय की. इचार, बाबा."

चांदभाईचा भाऊ नूरमोहम्मद सहा वर्षांपूर्वी, फाळणीत, कराचीला गेला होता. त्याला आईलाही न्यायचं होतं, आणि आई चिंचवड सोडायला तयार नव्हती. "जायचं तर एकटा जा, अन् पत्रसुद्धा टाकू नकोस," असं चांदभाई तेव्हा बोलून बसला होता. भावाने ते अक्षरशः पाळलं. आता कोणत्या तोंडाने लिहायचं, की कसा आहेस? चांदभाईला तर त्याच्या नुसत्या खोकण्याचीही आठवण येई. पण गिअरबॉक्सबद्दल विचारायला कसली लाज?

त्याने कार्ड मराठीतच लिहिलं. दोघे भाऊ गावच्या शाळेत एकाच पाटीवर शिकले होते. बबनरावांची लॉरी, तेल कोणतं, पातळ नव्वदचं की घट्ट एकशेचाळीसचं, एवढंच लिहिलं. खाली सही केली.

पुढचे पंचवीस दिवस लॉरी झाडाखाली उभी राहिली. बबनराव दर बाजाराला येत, चहा पीत आणि तेलाचं नावही काढत नसत.

सव्विसाव्या दिवशी कार्ड आलं. चांदभाईने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि घरी नेलं. त्याची आई मदिनाबी चुलीपुढे भाकरी थापत होती. कुणाचं कार्ड, हे तिने त्याच्या तोंडावरूनच ओळखलं.

"वाच."

"नव्वदचं साधं तेल टाक. गंधकाच्या वासाचं टाकू नकोस, बुश जातील. एकशेचाळीसचं फक्त उन्हाळ्यात. आपल्याकडे थंडीत पहाटे गिअर जड पडतो. बूच फार आवळू नकोस, आटे झिजलेत."

"म्होरं?"

"संपलं, अम्मा. सही आहे."

तव्यावरची भाकरी करपली. तिचं लक्ष नव्हतं.

"परत वाच."

त्याने परत वाचलं. 'आपल्याकडे'पाशी या खेपेला तो अडखळला. मदिनाबीने पिठाचे हात पदराला पुसले, कार्ड मागून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आता ब्रेकचं इचार," ती म्हणाली.

"ब्रेक चांगले आहेत, अम्मा."

"असूंदेत. तू इचार."