पिवळी टिक

तीन दिवस माझं कशात म्हणजे कशात लक्ष नव्हतं. चहा गार होत होता, फोन वाजून वाजून गप्प होत होता, आणि मी आपली वर्कशॉपभर येरझाऱ्या घालत होते. कारण एकच. स्टँडवर लावलेला तो इंजिनचा ब्लॉक, आणि त्याच्यावर बाबांनी पिवळ्या खडूनं मारलेली टिक.

आमच्याकडे बाबांची टिक झाली की विषय संपला. बाबा सिलिंडर आतून घासून मापात आणतात, टिक मारतात, आणि त्यानंतर त्यात कुणी माप घ्यायचं गेज घालायचं नाही. वीस वर्षं मी इंजिनं जोडतेय, एकदाही घातलेलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा आली की आधी टिक बघतात, मग माझ्याकडे.

पण हे इंजिन गिऱ्हाइकाचं नव्हतं, भिंगरीचं होतं. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून नाव पडलं, आणि आता ती डोंगरातल्या शर्यतीत गाडी पळवते, म्हणजे नाव काही वाया गेलं नाही. गेल्या वर्षी भर वेगात तिच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकांखाली गेलं, गाडी गर्रकन फिरली आणि कठड्यावर आदळली. तिच्या मनगटात अजून दोन स्क्रू आहेत. पिस्टन तेव्हाही घडीवच घातले होते, पण रॉड मी जुनेच ठेवले होते, "चालतील की" म्हणून. सगळे म्हणाले, रॉड कमजोर. मीही म्हणाले. त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी बोलताना मनगटाकडे बघायचं टाळलं.

म्हणून या वेळी पार्ट निवडताना मी अक्षरशः डोकं फिरल्यासारखी वागले. साधे पिस्टन ओतीव असतात, वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले. घडीव पिस्टन तापवून, दाबून घडवतात. मार सोसतात, पण तापले की जास्त फुगतात. त्यातही दोन मिश्रधातू. एक कमी फुगणारा पण जरा ठिसूळ, दुसरा चिवट पण जास्त फुगणारा. चार दिवस घोळ घातला आणि चिवट घेतला. रॉडही घडीवच. एक रॉड बाकीच्यांपेक्षा ग्रॅमभर जड निघाला म्हणून अख्खा सेट परत केला. बोल्ट दोनदा बदलून मागितले तेव्हा विक्रेता म्हणाला, "ताई, इंजिन जोडताय की लग्न?"

"लग्न असतं तर एवढं बघितलं नसतं," मी म्हणाले.

राहिली फट. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली, पिस्टनला फुगायला ठेवायची. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले नऊ. आम्ही नुसतं 'नऊ' म्हणतो. मी कागदावर हा एवढा मोठा आकडा लिहून बाबांच्या मशीनवर चिकटवला.

"नऊ?" बाबांनी नाक मुरडलं. "गार असताना डबड्यासारखं खडखडेल की."

"खडखडू दे. तापलं की गप्प बसेल."

"बरं बाई."

आणि टिक मारल्यावर बाबा खुशीत येऊन म्हणाले, "झकास बसलाय गं. अंगठ्यानं ढकलला की कसा हळूच जातो!"

तो 'हळूच' माझ्या डोक्यात घुसला तो निघेचना. नऊची फट असेल तर पिस्टन हळूच कशाला जाईल? सुळकन जाईल.

शुक्रवारी भिंगरी आली, टिक बघितली आणि ब्लॉकवर थाप मारून म्हणाली, "झालं तर मग! रविवारी आपण पळणार." मला तिचा असा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

दुपारी बाबा जेवायला गेले तसं मी गेज काढलं. चोरी करत असल्यासारखं एकदा दाराकडे बघितलं. पहिला सिलिंडर, चार. दुसरा, चार. तिसरा, चौथा, चारच. नऊचा कागद समोर चिकटलेला होता.

"काय चाललंय?"

बाबा दारात उभे होते. आता आकाशपाताळ एक करणार म्हणून मी खांदे आवळले.

"बाबा, चार आहे."

त्यांनी चष्मा लावला, माझ्या हातातलं गेज घेतलं, स्वतः मोजलं. परत मोजलं. मग खुर्चीत बसले.

"अंगठा म्हणाला बास," ते म्हणाले. "मी थांबलो. मग गेज घातलंच नाही."

थोड्या वेळानं उठून त्यांनी ड्रिलच्या खणातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. गेल्या वर्षीचा पिस्टन. दोन्ही बाजूंनी खरवडून निघालेला. असा पिस्टन बघितल्यावर आमच्या धंद्यात कुणाला समजवावं लागत नाही. पिस्टन आधी फुगून भिंतीत आवळला, आणि रॉड मग तुटला. म्हणजे तेव्हाही फट कमीच होती.

"हा कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मला म्हणू दिलंत? रॉड, रॉड, रॉड? वर्षभर मी तिच्या मनगटाकडे बघू शकले नाही, बाबा!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले.

"सगळेच रॉड म्हणत होते," बाबा म्हणाले. "मला बरं वाटलं. या वेळी नऊच करणार होतो गं, शपथ घेऊन सांगतो. हातानं ऐकलं नाही."

मी नाक पुसलं आणि घासायचं मशीन स्वतः लावलं. थोडं घासायचं, मोजायचं, परत घासायचं. बाबा तेलाची बुधली धरून बाजूला उभे होते. चारही सिलिंडर नऊवर आल्यावर मी एवढंच म्हणाले, "तिला तुम्ही सांगायचं. मी नाही."

रविवारी सकाळी शर्यतीच्या मैदानावर इंजिन चालू केलं आणि ते खडाखडा वाजायला लागलं.

"अगं बाई, हे काय डबडं केलंत!" भिंगरी हसली. मग बॉनेटमध्ये वाकली. "टिक कुठाय?"

"मी पुसली," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून तो पिस्टन काढून तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. चार, नऊ, अंगठा, खण, काही सोडलं नाही. ती ऐकताना मनगट चोळत होती. बाबांचं बोलणं संपलं तरी चोळतच होती.

"मग आता मी कुणाच्या भरवशावर बसू?" तिनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिचं मनगट हातात घेतलं. कातडीखाली स्क्रूचं टोक बोटाला लागलं. "नऊ आहे," मी म्हणाले. "मी मोजलंय. टिक-बिक काही नाही. बस."

तिनं हेल्मेट घातलं. इंजिन तापेपर्यंत खडखडत राहिलं, आणि बाबा तो आवाज ऐकत तिथंच उभे राहिले.