झोपलेल्या डिस्कला हाक

“परत मेली!” ताईनं कीबोर्ड असा ढकलला की कपातला चहा उडून थेट खुर्चीवर जाऊन बसला.

मेली होती ती डिस्क. म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं तसं. डिस्क आपली टेबलावर धडधाकट. कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी, नवा आल्यापासून हे भूत मागं लागलं होतं. इस्पितळातल्या, जुने एक्स-रे ठेवलेल्या डिस्का एकाएकी गायब व्हायच्या; टेबलावरची त्यांतलीच एक. तिथला डॉक्टर असा ओरडत होता, की फोन घाबरून टेबलावरून चालत दाराशी गेला.

कर्नलमधला डिस्कशी बोलणारा तुकडा, ड्रायव्हर, हा ताईचा प्रांत. गुन्हेगार तिनं शोधला होता तसा. नव्या कर्नलमधल्या बदलांची रांग मधोमध कापायची, तिथवरचा कर्नल चालवायचा. नीट चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्यात. कापत कापत दोष थांबला चष्मेवाल्याच्या बदलावर. चष्मेवाला नुकताच लागलेला, घरी तान्हं मूल. पण त्याचा बदल काढला, तरी डिस्क मेलीच!

साहेब म्हणाले, “म्हणजे त्यानं आणखी कुठंतरी घाण केलीय. संध्याकाळी मी त्याला मोकळा करतोय.”

चष्मेवाला भिंतीकडे तोंड करून उभा. चष्मा पुसतोय, पुसतोय. काच झिजून जायची वेळ आली.

तेवढ्यात आप्पा आले. निम्मा ड्रायव्हर त्यांच्या हातचा. तीन खोल्यांपलीकडची डिस्क खोकली तरी आपल्याला ऐकू येते, अशी त्यांची बढाई. त्यांनी वाकून डिस्कला कान लावला.

“गप्प बसा रे जरा... मेली कसली? झोपलीय ही.”

“झोपेल कशी, आप्पा? माझी चाचणी सारखी फाईल मागते, तिला श्वास घेऊ देत नाही.”

“आणि ही मरायच्या आधी कुठं होतीस?”

“साहेबांची बोलणी खायला गेले होते. चाचणी संपली होती.”

बोलता बोलता ताईनं चाचण्यांच्या नोंदी उघडल्या. ज्या ज्या कर्नलवर ती ठाण मांडून बसली होती, ते सगळे पास. जिथं उठून गेली, डिस्कला डुलकी लागली, तिथंच मरण! कर्नलची कसली परीक्षा, स्वतःच्या उठाबशांची घेतली होती तिनं.

“साहेब, थांबा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून करते. तोवर चष्मेवाल्याला हात लावू नका.”

“संध्याकाळपर्यंतच हं.”

आता प्रत्येक कर्नल चढवायचा आणि हात मांडीवर घेऊन बसायचं. डिस्क झोपेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग एकच हाक: फाईल दे. खोलीत इतकी शांतता, की डोळ्याची पापणी लवली तरी टाळी वाजल्यासारखी वाटावी. एक पास. दोन मेले. बाहेर उन्हं उतरली. रांग आखडत आली तसे बढाईखोर आप्पा मुके झाले. रांग कुठं थांबणार, ते त्यांना आधीच कळलं होतं.

शेवटी एकच बदल उरला. हाक मारल्यावर डिस्कनं ओ द्यायची वाट किती पाहायची, ती वेळ कुणीतरी कमी केली होती. नव्या डिस्का पटकन उठतात. जुन्या अंग मोडत उठेपर्यंत ड्रायव्हर त्यांना मेल्या म्हणून मोकळा. बदलावर नाव आप्पांचं.

ताईनं वेळ पूर्वीइतकी केली. डिस्क कण्हली, घरघरली आणि फाईल हजर झाली.

मग ताई हळूच म्हणाली, “आप्पा, दोष म्हाताऱ्या डिस्कांचा, असं लिहिते ना मी.”

“म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो, हे मी विसरलो, बाई. सरक.”

ते खुर्चीत बसले, चहा सांडलाय हे न बघता. दोन बोटांनी लिहिलं: चूक माझ्या बदलात आहे, तो मागं घेत आहे. खाली नाव. पण तपासणाऱ्याचं दुसरं नाव पडल्याशिवाय असला कागद पुढं सरकत नाही. ताईनं हात पुढं केला.

“तू नाही,” आप्पा म्हणाले. “ए चष्मेवाल्या, इकडं ये. वाच.”

“आप्पा, मी कसं...”

“डोळे आहेत ना? वाच. बरोबर असेल तर नाव घाल. तिकडं डॉक्टर खोळंबलाय.”

त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मग चष्मेवाल्यानं आपलं नाव घातलं. आप्पांच्या नावाखाली, अदबीनं एक ओळ मोकळी सोडून.