जमलं का?

चलथाणचे पाहुणे स्वातीला बघून गेले, त्या दिवशी बोलण्याची वाटणी अशी झाली: मुलाच्या आईने, सरलाबाईंनी, बारा आणे घेतले, मुलीच्या आईने, धुरपदाबाईंनी, चार. मुलाच्या वाट्याला काही उरलंच नाही. ललित साखर कारखान्यात पाळीवर काम करायचा. सोफ्याच्या कडेला बसून त्याने पुढे आलं ते खाल्लं, "अजून घ्या" म्हटलं तेव्हा घेतलं आणि आईने डोळे वटारले तेव्हा थांबला. स्वातीला त्यात नाव ठेवण्यासारखं काही दिसलं नाही, आणि नाव घेण्यासारखंही.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. असं म्हणून लोक विचार सोडून बाकी सगळं करतात, पण ती खरंच करत होती.

स्वाती रिंग रोडच्या मार्केटात एका दुकानात व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवायची. गिऱ्हाईक कधी राजकोटचं, कधी रायपूरचं. "कलर पक्का आहे ना?" "यातच पिस्ता दाखवा." "आवाज कटतोय, बेन, परत बोला." ती परत बोलायची. संध्याकाळी कोसाडच्या घरी पोचेपर्यंत बोलण्याचा सगळा माल संपलेला असायचा. घरी तरी काय होतं? वडील गोपाल लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, उभे राहून राहून कान घालवून बसले होते, आणि कान गेलेत हे त्यांना मान्य नव्हतं. कोणी काहीही म्हणालं की ते "हो, हो" म्हणायचे. खात्यात तेवढ्यावर भागतं. धुरपदाबाईंना ऐकणारं माणूस लागायचं, उत्तर देणारं नाही.

म्हणून स्वातीची एकच अट होती, आणि हसतील म्हणून तिने ती कुणाला सांगितली नव्हती: नवरा बोलणारा हवा, आणि आपण बोललो तर ऐकणारा. ललित या हिशेबात बसत नव्हता. म्हणजे नकार ठरलाच होता, फक्त तोंडातून काढायचा होता. आणि तोंड दमलेलं होतं. आज नको, उद्या सांगू, असं करत आठवडा निघाला.

मग दुपारच्या सुट्टीत सरलाबाईंचा फोन आला.

इथे भाषेचं थोडं सांगायला हवं. गुजरातेत वाढलेली स्वाती घरी अहिराणी बोलायची, दुकानात गुजराती. पुस्तकातल्या मराठीशी तिची फक्त तोंडओळख होती. सरलाबाईही मूळच्या खान्देशातल्या. त्यांनी आपल्या बोलीत "जमनं का?" विचारलं असतं तर पोरीला बरोबर कळलं असतं. पण सोयरीक करताना माणूस इस्त्रीचे कपडे घालतो तशी इस्त्रीची भाषाही घालतो. त्या म्हणाल्या, "स्वाती बेटा, सरलामावशी बोलतेय. मग, जमलं का?"

आणि गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. दुकानातल्या मुली रोज या वेळेला एकमेकींना तेच विचारायच्या. स्वातीने नुकताच डबा बंद केला होता.

"हो मावशी, आत्ताच जमलं. तुमचं?"

"अगं, आमचं तर केव्हाच जमलं!"

"काकांचं पण?"

"त्यांचं काय विचारतेस? माझं जमलं की त्यांचं जमतंच."

एका ताटात जेवत असतील, स्वातीला वाटलं. इतकं विचारलं आणि एकाचंच नाही विचारलं तर बरं दिसणार नाही, म्हणून ती म्हणाली, "आणि ललितचं?"

सरलाबाई जराशा अडखळल्या. "त्याचं? त्याचं तर सगळ्यांच्या आधी!"

"चला, छान झालं," स्वाती म्हणाली, आणि पिस्ता दाखवायला गेली.

सरलाबाई पक्क्या व्यवहारी. एकीच्या शब्दावर न थांबता त्यांनी लगेच गोपालना फोन लावला. गोपाल पाळी संपवून नुकतेच आडवे झाले होते.

"भाऊ, पोरीने होकार दिला बरं का!"

"हो, हो."

"मग सुपारी फोडून घेऊ या. येत्या गुरुवारी?"

"हो, हो."

संध्याकाळी स्वाती बसमध्ये होती तेव्हा समाजाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. शेजारी ललितचा. भोवती गुलाब. खाली अभिनंदनाची रांग लागली होती, आणि तिच्यात असेही लोक होते ज्यांनी वर्षभरात तिची विचारपूस केली नव्हती. मनःपूर्वक या शब्दाला हल्ली काही खर्च येत नाही.

घरी धुरपदाबाई दारातच उभ्या होत्या. आनंद आधी दाखवावा की राग, याचा निकाल लागला नव्हता.

"माले नही सांगं व तू? मी कोन शे तुनी?"

"आई, मी जेवनी, इतलंच सांगं तिले."

धुरपदाबाईंना ते दोनदा ऐकावं लागलं. मग त्या मटकन बसल्या. "आते काय? सगळास्ले समजी गयं. आते मोडता येवाव नही."

मोडायला आधी काही जोडलेलं असावं लागतं, हे स्वातीच्या ओठावर आलं होतं. पण आईशी वाद म्हणजे आणखी एक पाळी. ती सरळ वडिलांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, खात्यात ओरडतात तसं ओरडली, "पप्पा, माले तठे लगीन नही करनं!"

हे गोपालना ऐकू आलं. शेजारच्या ब्लॉकलाही आलं असावं.

"मंग मी फोनवर काय बोलनू?" त्यांनी तिला विचारलं.

"हो, हो."

गोपालनी फोन उचलला. मग त्यांनी तो तिच्या हातात दिला. "तूच बोल. मना तोंडमाईन परत हो निंघी जाई."

स्वातीने भिंतीला टेकून नंबर लावला.

"बोल बेटा!" सरलाबाई खुशीत होत्या. "साडीचा रंग तूच सांग हं, तुझ्या हातात सगळं मार्केट."

"मावशी, दुपारी तुम्ही विचारलं ते मला जेवणाचं वाटलं."

"कशाचं?"

"जेवणाचं. गुजरातीत जमलं म्हणजे जेवण झालं ना. लग्नाचं मी अजून काही सांगितलंच नव्हतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आम्हीपण गुजरातेतच राहतो की."

"राहता. पण तुम्ही शुद्ध बोलत होतात."

"म्हणजे काकांचं विचारलंस, ललितचं विचारलंस, ते सगळं..."

"जेवले का, असं."

"अरे माय व!" सरलाबाईंची इस्त्री उतरली. त्या रागावतील म्हणून स्वातीने फोन कानापासून जरा लांब धरला. पण रागालाही जोर लागतो, आणि बाईंनी दुपारपासून चाळीसेक फोन केले असावेत. त्या नुसत्या थकल्यासारख्या म्हणाल्या, "ग्रुपवर मीच टाकलंय, मीच काढते. आणि आता तू खरं बोललीस तर मीपण बोलते. ललितचं जमलं म्हणाले ना, त्याला मी विचारलंच नव्हतं. म्हटलं, मुलगी तयार आहे, तो कुठे जातो."

"मग आता विचारा."

"मी विचारलं तर तो हो म्हणेल. मला तो होच म्हणतो. थांब, तूच विचार."

फोन हातातून हातात गेला. "बोला," ललित म्हणाला. त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला.

"तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय?"

"नाही." मग घाईने, "तुमच्यात काही खोट नाही. मला आत्ता कुणाशीच नाही करायचं."

"मलाही नाही करायचं. तुमच्याशी."

"बरं झालं."

"हो."

काम झालं होतं. फोन ठेवायला हरकत नव्हती. पण ललितने ठेवला नाही. त्या दिवशी मी पाळीवरून तसाच आलो होतो, म्हणाला, तुमच्या पंख्याखाली डोळा लागेल म्हणून कडेला बसलो. आईने बोलू नको म्हणून बजावलं होतं, मागच्या ठिकाणी मी बोललो आणि तिथून नकार आला. काय बोललात, असं स्वातीने विचारलं, तर म्हणाला, आईने मुलीला स्वयंपाक येतो का विचारलं तेव्हा मला येतो म्हणालो, एवढंच. मग त्याने हंगामात झोपेतसुद्धा उसाच्या रसाचा वास येतो ते सांगितलं. मग व्हिडिओवर पिस्ता रंग खरंच पिस्ता दिसतो का, ते विचारलं, आणि तिने सांगितलं ते मधे न बोलता ऐकून घेतलं.

बोलणारा सापडला, ऐकणाराही सापडला, आणि नेमके स्वातीचे डोळे मिटायला लागले होते. भिंत पाठीला गार लागत होती. आत आई कुणाला तरी फोनवर सगळं पहिल्यापासून सांगत होती.

"ललित," ती म्हणाली, "आता ठेवू का? दिवसभर बोलून जीव थकलाय."

"ठेवा, ठेवा. मीही थकलोय."

आणि त्याने खरंच ठेवला. बरं मग, सांगा घरी, या कधी, असलं काहीही न जोडता.