उंबरठ्यापर्यंतचा हात

अकोल्यातल्या घराला रोज सकाळी एक खोली येत असे. कालिंदी स्वयंपाकघरातल्या देवाला फुलं वाहून वळली, की स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार यांच्या मधोमध ती नवी खोली उभी असायची. चुना वाळलेला, खिडकी उघडी. भाडं तेवढंच.

अच्युतरावांनी घरमालकाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "राहू द्या ना साहेब. इथं जागेचा काय तोटा हाये?"

डोंबिवलीतली खोली पेन्शनीत परवडेना, म्हणून नवराबायको आषाढात इथे आली होती. अच्युतराव खूश होते. जन्मभर त्यांचे गुडघे कपाटाला लागत आले होते. आता ते दाराजवळच्या खोलीत आरामखुर्ची टाकून पाय लांब करत. पाय पुरते लांब होईपर्यंत दुपार होई.

कालिंदीने मात्र निघण्याआधीच चातुर्मासाचा नेम धरला होता. देवापाशी समई अखंड तेवती ठेवायची, आणि दाराशी आलेल्या एका सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. डोंबिवलीत देव दाराला लागूनच होते. डाव्या हाताने ज्योतीला आडोसा धरून उजव्याने कुंकू लावता येई. संकल्प सोडताना, घर केवढं ते देवाला सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

शेजारची पंचफुलाबाई रोज सकाळी दाराशी येई. पहिले काही दिवस कालिंदी करंडा घेऊन पळत जाऊन आली. मग खोल्या वाढल्या, खिडक्या वाढल्या, आणि सगळ्या खिडक्यांचा वारा समईवर येऊ लागला.

"अवो ताई!" हाक इतक्या खोल्यांतून येता येता गार होऊन जाई. "येता का जी? माही भाकर तव्यावर हाये!"

"आले, आले!"

कालिंदी निघाली. दोन खोल्या गेल्यावर तिने मागे पाहिलं. ज्योत आडवी झाली होती. ती परत फिरली.

"पंचफुलाबाई, तुम्हीच आत या ना!"

"आली असती. पण तुमच्या घरात शिरलेलं माणूस निघन केव्हा? मी चालली बाप्पा."

त्या दिवशी कालिंदी उपाशी राहिली. दुसऱ्या दिवशीही. संध्याकाळी दाराजवळच्या खोलीतून अच्युतरावांचा फोन आला.

"जेवलीस?"

"नाही. नेम आहे. तुम्ही?"

"पंचफुलाबाईंनी भाकरी दिली. अगं, देव काय एवढं बघत बसतो?"

"मी बघते ना. अहो, इकडे येऊन बसा की जरा."

"कालच निघालो होतो. अर्ध्या वाटेत दिवे लागले, मग परत फिरलो."

तिसऱ्या सकाळी तिने वरणभाताचं ताट वाढून देवापुढे ठेवलं. दाराकडून हाक आली. पंचफुलाबाईची असावी, शब्द काही कळले नाहीत. कालिंदीने डावा हात ज्योतीभोवती धरला, उजव्या हाताची अनामिका हळदीत आणि मग कुंकवात बुडवली, आणि बसल्या जागेवरून हात पुढे केला. हात पहिल्या खोलीतून गेला, चौकटीला न लागता पुढच्या खोलीत शिरला. बांगड्या त्याच्याबरोबर गेल्या. खिडक्यांचा वारा त्याला एकेक करून लागत होता.

देवापाशी ठेवलेला फोन वाजला. तिने डाव्या कोपराने तो दाबला.

"तुझ्या बांगड्या इथे वाजल्या," अच्युतराव म्हणाले. "आलीस का?"

"नाही. हात गेलाय."

"बरं." त्यांची आरामखुर्ची करकरली. "धरू का?"

कालिंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात नव्हता.

"नको," ती म्हणाली. "कुंकू पुसलं जाईल."

मग बोटाला बाहेरचं ऊन लागलं. पाठोपाठ एक कपाळ लागलं, कोमट, गुळगुळीत. तिने टिळा लावला.

"पंचफुलाबाई?"

कपाळ बाजूला होईल म्हणून ती थांबली. पण ते हललं नाही. ते तिच्या बोटावर टेकूनच राहिलं.

आता जेवायला हरकत नव्हती. ताट समोर होतं. डावा हात ज्योतीपाशी होता, उजवा उंबरठ्यावर. भाताची वाफ वाऱ्याने आडवी जात होती, आणि दूर बोटाच्या टोकाशी ते कपाळ, झोप लागत चाललेल्या माणसासारखं, हळूहळू जड होत होतं.