आत्याचे निळे स्विच

टायपिस्ट आत्या जाऊन वर्ष झालं. तिच्या कीबोर्डातले, बटणांखालचे टकटक वाजणारे निळे स्विच काढून टाकायचे का, हे कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या भाचीला आज ठरवायचं होतं. तिनं नवे लाल स्विच दाबून पाहिले, अगदी लोण्यासारखे मऊ. तपकिरी जरा अडखळत खाली जात.

मग आत्याचे निळे. बोट टेकायच्या आधीच टक! भाचीनं हात मागे घेतले, तरी टकटक थांबेना. जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘भवाने, मला फेकलंस कि फटका देईन.’

‘की’ची वेलांटी ऱ्हस्व! जन्मभर सांगूनही आत्या सुधारली नव्हती.

“आत्या, दीर्घ गं!” म्हणत भाची चूक दुरुस्त करायला गेली, तर बटणानं तिचं बोटच वर ढकललं.

भाचीनं लाल आणि तपकिरी स्विच निमूट डब्यात भरले.