बाहेरच्या बाजूची कडी

खट्.

भर दुपारी घरात सामसूम असताना एवढासा आवाज झाला आणि पुन्हा सारे शांत झाले. तो आवाज माझा होता. मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. एक सरकणारी दांडी, तिला धरायला एक छोटा कान आणि चौकटीत ठोकलेला कोयंडा, एवढाच माझा संसार. मला तोंड नाही. कुणी सरकवले तर मी बोलते, आणि बोलते ते एवढेच.

माझा जन्म एका अरुंद, धुरकट कारखान्यात झाला. तिथे पितळ वितळवून साच्यात ओतत. मला कानशीने घासले, चिंध्यांनी पुसून चकचकीत केले आणि कागदात गुंडाळून दुकानात पाठवले. दुकानातून मला एका नव्या जोडप्याने घरी आणले. वरच्या मजल्यावर त्यांनी नुकतीच एक खोली बांधली होती. नवरी अंगाने लहानखुरी. सुताराने विचारले, "वहिनी, कुठे बसवू?" तिने दाराला पाठ लावली आणि आपल्या छातीशी बोट ठेवले.

"इथं. मला रोज चवड्यांवर उभं करू नका."

नवरा म्हणाला, "घ्या! म्हणजे पाहुण्यांनी वाकून कडी लावायची."

"वाकू देत की. माझ्या घरात जरा वाकावंच," ती म्हणाली. सुतार इतका हसला की पहिला स्क्रू तिरका गेला.

मी दाराच्या आतल्या बाजूला बसले. मित्रांनो, कडीला याहून चांगली जागा मिळत नाही. आतल्या माणसाला थोडा वेळ जग नको झाले की ते मला सरकवते, आणि पुन्हा हवेसे झाले की काढते. नवरी रुसली की मला लावून घ्यायची. रडून झाले की डोळे पुसून मला काढायची आणि काही झालेच नाही अशा तोऱ्यात जिना उतरायची. तिचे सगळे हुंदके मी ऐकले. एकही बाहेर जाऊ दिला नाही.

वर्षे गेली. तिचा नवरा गेला, गुडघे कुरकुरू लागले, ती खालच्या मजल्यावर राहायला गेली. आता तिला सगळे सासूबाई म्हणू लागले, कारण वरच्या खोलीत तिची सून आली होती. सुनेला मुलगी झाली. बाळाला पाजायला बसताना सून मला हलकेच सरकवायची. मग खोलीत बाळाच्या गिळण्याचा तेवढा बारीक आवाज. खाली भांडी आपटोत, फोन वाजो, मी दार धरून बसायचे. सून मला घासूनपुसून लख्ख ठेवायची आणि कुणी नसले की म्हणायची, "तू आहेस म्हणून दोन घटका माझ्या मिळतात गं."

त्या बाळाला लाडाने ठकी म्हणत. ठकी जिना चढउतार करू लागली तशी पडेल या भीतीने सूनही तिला घेऊन खाली राहायला गेली. खोली बंद झाली. मी काळी पडले.

मग शहरात मोठे सामने भरायचे ठरले. देशोदेशीचे संघ येणार, त्यांच्यामागे हजारो माणसे येणार. गल्लीच्या टोकावरून दिसेल असे अवाढव्य मैदान उभे राहिले. ज्याच्या घरात रिकामा कोपरा होता त्याने तो झाडून भाड्याला काढला. खोल्या देणाऱ्यांसाठी एका पोलीसबाईंनी सभा घेतली. सासूबाई जाऊन आल्या.

सुनेने विचारले, "काय सांगितलं हो?"

"खुर्च्या इतक्या कडक होत्या, पाठीचा पार भुगा झाला. आणि म्हणे भाडेकरू स्वतः बोलतो का बघा, का त्याच्या वतीनं दुसराच बोलतो. अशा वेळी बायकापोरींना फसवून आणतात म्हणे. इथं कोण आणणार, आपल्या गल्लीत?"

त्यांनी आणलेला मदतीच्या नंबरचा कागद सुनेने फ्रीजच्या दारावर चिकटवला.

खोली घ्यायला आलेला माणूस हसतमुख होता. अंगात सामन्यांचे चिन्ह असलेला टी-शर्ट, बोलण्यात साखर. सासूबाईंना तो ताई म्हणाला आणि सगळ्यांनी आपल्याला मामा म्हणावे असा त्याने आग्रह धरला. त्याची एकच अट होती. वरची कडी आतून काढून बाहेरून बसवायची.

सुतार म्हणाला, "बाहेरून? आत माणसं राहणार ना?"

"सामान असतं हो माझं. महागाचं," मामा म्हणाला. "सामानाचा काही नेम नसतो."

सुतार हसला नाही. त्याने मला आतून काढले आणि त्याच उंचीवर बाहेर बसवले. आत माझ्या जागी चार भोके उरली. पहिल्यांदाच मी जिन्याकडे तोंड करून होते. समोर कोरी भिंत. खोली माझ्या पाठीमागे होती आणि मला ती दिसत नव्हती.

सामान आले ते स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. त्या दिवशी सामना होता. सासूबाईंचा टीव्ही गर्जत होता, गल्लीत चिटपाखरू नव्हते. दोघी बहिणी होत्या; खाली त्याने त्यांना आपल्या भाच्या म्हणून सांगितले होते. थोरलीने धाकटीचा हात धरला होता. दोघींच्या डोक्यावर सामन्यांच्या नव्याकोऱ्या निळ्या टोप्या. मैदानात पाहुण्यांना पाणी द्यायचे काम मिळणार, म्हणून त्या लांबच्या गावाहून आल्या होत्या.

"मामा, कामावर कधी जायचं?" थोरलीने विचारले.

"जाऊ गं, घाई काय? आधी आराम करा. फोन द्या इकडे, इथली कार्डं टाकून आणतो." मग त्याचा आवाज खाली आला. तो अजूनही हसतच होता. "आणि एक लक्षात ठेवा. खाली राहतात ती सगळी माझी माणसं आहेत. आवाज केलात की मला कळतं."

खट्.

इतक्या वर्षांत मी तो आवाज कितीदा केला होता. त्या दिवशी तो मलाच ओळखू आला नाही. मामा जिन्यात उभा राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "कुलूप कशाला? कुलूप डोळ्यात येतं लोकांच्या. कडी कुणाला दिसत नाही. शेवटच्या सामन्याच्या दिवशी गाडी पाठव. सगळे टीव्हीला चिकटलेले असतील."

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. दाराच्या लाकडातून मला आतले कळत असे. एक तळहात यायचा, माझ्या बरोबर मागे टेकायचा आणि तसाच राहायचा. लाकूड तिथे कोमट व्हायचे. कधी त्या चार भोकांवरून एक बोट फिरायचे, एकेका भोकात अडखळायचे. ठोठावण्याचा आवाज मात्र कधीच आला नाही. खाली सासूबाई मोठ्याने हसल्या की आत कुणीतरी श्वास रोखायचे. मैदानात गोल झाला की सारी गल्ली एकाच तोंडाने ओरडायची. मग सगळे एकदम गप्प व्हायचे आणि त्या गप्प झालेल्या जागेत मला दोन छात्या धडधडताना ऐकू यायच्या.

सून एकदा जिन्याखाली म्हणाली, "मामांच्या भाच्या कधी खाली दिसत नाहीत हो."

"भल्या पहाटे कामाला जात असतील. तुझ्यासारख्या का दिवसभर फ्रीज उघडून उभ्या राहतील?" सासूबाई म्हणाल्या. सून हसली, आणि हसता हसता वर बघितले. मग ठकीने दुधाचा पेला सांडला.

मी सुरुवातीला सांगितलेला आवाज आता येतो. शेवटच्या सामन्याची दुपार. सासूबाई टीव्ही लावण्याआधी एक डुलकी काढत होत्या, सून मागे कपडे वाळत घालत होती. ठकी हळूच जिना चढून आली. मी सासूबाईंच्या छातीच्या उंचीची, म्हणजे टाचा उचलल्या की ठकीच्याही हाताला येणारी. लहानपणापासून मी तिचे खेळणे. तिने माझा कान धरला.

खट्.

आत काहीतरी धडपडले. मग काहीच नाही. ठकीने दार ढकलले.

"मी ठकी," ती म्हणाली. "तुम्ही कोपऱ्यात का बसलात? लपाछपी खेळताय?"

धाकटीचा दबका आवाज आला. "हो. तू जा. ओरडू नकोस."

"राज्य कुणावर आहे?"

दार सताड उघडे होते, मित्रांनो. जिना रिकामा होता. पण त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत, कारण खाली सगळी त्याची माणसे होती. ही चिमुरडीसुद्धा त्याचीच. आणि ठकी शहाणी मुलगी होती. घेतलेली वस्तू जशी होती तशी ठेवायची, असे आजीने शिकवले होते. तिने दार ओढून घेतले, टाचा उचलल्या आणि मला नीट सरकवून ठेवले.

खाली जाऊन तिने आईला सांगितले. मला ऐकू आले. "आई, वरच्या ताया लपल्यात. पण त्यांना शोधायला कुणी येतच नाही. मी कडी काढली, बघितलं आणि परत लावली."

दोरीवर पिळलेला कपडा टाकण्याचा आवाज थांबला.

सून वर आली. तिने मला बघितले. नुसते बघितले. या घरात मला तिच्याइतके कुणी हाताळले नसेल, पण इतके घाबरून तिने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. ती खाली गेली, फ्रीजचे दार किणकिणले, ती दबल्या आवाजात फोनवर बोलली. मग सासूबाई एकेका पायरीवर कण्हत वर आल्या.

"काय गं, कडी सामानासाठी आहे म्हणाला होता तो..."

"सासूबाई, सामानाला पाणी लागतं का? जिन्यात बाटल्या बघा रिकाम्या."

सासूबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "माझी कडी," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "तू आत जा पोरींपाशी. तो आला तर मी आहे खाली. माझ्या तोंडापुढे आजवर कोण टिकलंय?"

सून आत गेली तशा दोघी भिंतीला अधिकच चिकटल्या. सून सांगत राहिली, पोलीस येताहेत, आम्ही त्याच्या कुणी नाही. शब्द पोचतच नव्हते. तेवढ्यात ठकी आईच्या पायांतून घुसली, "सापडलात!" म्हणाली आणि खुशाल धाकटीच्या मांडीवर जाऊन बसली. त्यानंतर जे रडणे सुरू झाले ते फार हळू होते, दार लोटलेले होते, पण मला ते ओळखीचे वाटले. माझ्याच दाराआड तसे रडणे मी पूर्वी ऐकले होते.

गाडी पोलिसांच्या आधी आली.

"या मामा, बसा. मॅच रंगात आलीय," खालून सासूबाईंचा आवाज. "चहा टाकते. साखर किती? मागच्या वेळी तुम्ही कपात ठेवलात अर्धा. आमच्या घरचा चहा आवडत नाही वाटतं?"

"नको ताई, घाई आहे."

"घाईत माणसं बायकोसुद्धा विसरून जातात. तुमची आहे ना कुठे?"

तो हसला नाही. पावले जिन्यावर आली. एक पायरी, मग दुसरी. तो माझ्यासमोर थांबला. मी उघडी होते. आत चार जीव दाराला पाठ लावून बसले होते, आणि त्या बाजूला फक्त भोके होती. मित्रांनो, मी तिथे असते तर! उभ्या आयुष्यात मला एकदाच खरे काम पडले, आणि मी चुकीच्या बाजूला होते.

त्याने माझ्यावर बोट ठेवले. बोट थंड होते. आत ठकीने विचारले, "आई, कोण आलं?"

त्याला समजले. तो दार ढकलत बसला नाही. त्याने शांतपणे तेच केले जे तो रोज करत होता.

खट्.

आता सून आणि ठकीसुद्धा सामान झाल्या. तो धावत जिना उतरला. त्याच क्षणी साऱ्या गल्लीने एका तोंडाने आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीखाली काय काय झाले ते मला कळले नाही. खुर्ची पडली, कप फुटला. आवाज ओसरला तेव्हा खाली पोलीसबाई बोलत होत्या आणि मामा कुणाला तरी सर, सर म्हणत होता. सासूबाई जिना चढत होत्या. गुडघ्यांचे नाव न घेता. घाईत मी दोनदा त्यांच्या बोटांतून निसटले. आपलीच नात आपल्याच कडीमागे आहे हे त्यांना ठाऊक होते.

मित्रांनो, मला आता परत आत बसवले आहे. सुताराने पैसे घेतले नाहीत. एका जुन्या कडीचे एवढे ऐका. तुमच्या घरची खोली कुणाला द्याल तेव्हा कडी कुठल्या बाजूला आहे ते बघा. शेजारच्या घरात कुणी आले आणि पुन्हा दिसले नाही, तर भीड न धरता विचारा. चुकलात तर लोक हसतील. हसू द्या. आम्ही कड्या लावल्या की लागतो, काढल्या की निघतो. विचारणे आम्हाला जमत नाही.

त्या संध्याकाळी दोघी बहिणी जिना उतरताना थोरली मधल्याच पायरीवर थांबली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"बाई, गाडीत आम्ही चौघी होतो. दोघींना त्यानं आमच्या आधी उतरवलं."

"कुठे?" पोलीसबाईंनी विचारले.

"असंच घर होतं. खाली टीव्ही चालू होता."

पोलीसबाई घाईने बाहेर पडल्या. पुढचे सुनेने मला घासताना सांगितले. गल्लीत दोन्ही बाजूंना, अगदी मैदानापर्यंत, घरे होती आणि प्रत्येक घरातून सामन्याचा तोच आवाज येत होता. सून ठकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. ठकीने एकेका घराकडे निरखून पाहिले. मग आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"आई, त्या दोन ताया यातल्या कुठल्या घरात आहेत?"